लकव्यावर ट्रेडमिल: बाबांचे तीन महिने

बाबांना लकवा मारून तीन वर्षं झाली, डावी बाजू गेली. काठीने अंगणापर्यंत जायचे, पण पाय घासत, डाव्या चपलेचं टोक दोन महिन्यात झिजून जायचं. गावात सगळे म्हणायचे, आता इतक्या वर्षांनी काय सुधारणार बापा. तरी तालुक्याच्या फिजिओथेरपी सेंटरला आठवड्यातून तीन दिवस नेलं, कपाशीची वेचणी सोडून, एसटीने.

तिथे ट्रेडमिलवर, म्हणजे पायाखाली पट्टा सरकणाऱ्या मशीनवर, चालवतात. छातीला पट्टे बांधून वरच्या हुकाला अडकवतात, म्हणजे वजन थोडं कमी होतं अन् पडायची भीती नाही. पहिल्या दिवशी स्पीड फक्त 0.5 तरी बाबा ओरडले, "अबे थांबव, जमीनच पळून रायली!" फिजिओ मॅडम स्टुलावर बसून त्यांची टाच हाताने उचलून पुढे टाकत होत्या, बाबांपेक्षा त्यांनाच घाम जास्त. आता स्पीड 1.4 वर आहे आणि हुक काढला. पारावर जाऊन परत येतात, मधात एकदा बसतात, आधी चारदा बसायचे. चपलेची ही जोडी अजून शाबूत आहे.

मॅडमचं एक आवडलं, खोटी आशा नाही दिली. सरळ म्हणाल्या की जो थोडाफार चालतो त्याचा वेग अन् दम वाढतो, पण जो उभाच राहू शकत नाही तो नुसत्या ट्रेडमिलने स्वतःहून चालायला लागेल असं नाही. हाताला तर काहीच फरक नाही, ते खरंच निघालं. अमेरिकेत 408 पेशंटवर मोठा अभ्यास झाला होता, 2011 मध्ये छापून आला, त्यात ट्रेडमिलवाले आणि घरी फिजिओकडून व्यायाम करून घेणारे वर्षभरानंतर सारखेच निघाले, हेही त्यांनीच सांगितलं. ते पेशंट मात्र लकवा मारून थोडेच महिने झालेले होते. म्हणून ज्यांना येणं-जाणं परवडत नाही त्यांनी मन खाऊ नका, फिजिओला घरी बोलवा.

आता तक्रार. एका सिटिंगचे 250 घेतात अन् इन्व्हर्टरवर मशीन चालत नाही. एकदा मधातच लाइट गेली, पायाखालचा पट्टा गचकन थांबला, हुक होता म्हणून बाबा वाचले. पैसे पूर्ण घेतले! आणि दोनदा बीपी न मोजताच चढवत होते, मीच अडवलं. जाणार असाल तर सकाळची वेळ मागून घ्या, दुपारी आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही.