गाडी चालू व्हायला त्रास देते: बॅटरी बदलू, सेल्फ खोलू की पेट्रोलची बाजू बघू?

सकाळी गाडी पटकन चालू झाली नाही की कुणालाही विचारा, "बॅटरी गेली असणार, बदलून टाक" हेच उत्तर मिळतंय. कधीकधी ते बरोबर असतंयही, पण लय वेळा नवी बॅटरी बसवून पंधरा दिवसात माणूस परत तिथंच येतोय, म्हणून पैसे घालायच्या आधी तिन्ही बाजू नीट ताडून बघा.

पहिलं म्हणजे चावी फिरवल्यावर आवाज ऐका. सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फिरवा देणारी स्टार्टर मोटर, जड फिरतोय किंवा फिरतच नाही, तर भांडण बॅटरी, वायर आणि सेल्फ यांच्यात आहे. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडतच नाही, तर बॅटरीला हात लावायचं काही कारण नाही, तिथं पेट्रोल, स्पार्क नाहीतर सेन्सर बघायचा.

बॅटरी आणि सेल्फमधला फरक ओळखायला साधा डिजिटल मीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12 वर आली म्हणजे जवळपास उतरलीच. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत रहा, बॅटरी चार्ज असून सेल्फ मारताना 9.6 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमली, बदला. पण आकडा 11 च्या वर टिकून आहे आणि सेल्फ नुसताच "टक्" करतोय किंवा कण्हत फिरतोय, तर करंट सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फच गेलाय. नवी बॅटरी घालून ह्यात एक पैशाचा फरक पडणार नाही. एकामागून एक "टकटकटकटक" असा आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या टोकावरचा वायरीचा जोड, ढिलं असतंय.

टर्मिनलवर जरा थांबतो, कारण सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इथंच आहे आणि तीच लोक सोडून देतात. पांढरी-हिरवी बुरशी चढलेली दिसली तर आधी मायनस काढा, मग प्लस, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, बसवताना आधी प्लस आणि मग मायनस, वरनं थोडी व्हॅसलीन. आपल्या कोल्हापूरचा पाऊस, त्यात गगनबावड्याकडं रोजची ये-जा असेल तर बॉडीला आणि इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी पण गंजते. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगमध्ये गडबड आहे, बॅटरी आणि सेल्फला दोष द्यायच्या आधी ती नीट करा.

आता खर्चाचं. बॅटरीला काही हजार जातात, जुनी दिली की थोडे कमी होतात, काम दहा मिनिटांचं. सेल्फ उतरवून कार्बन ब्रश, बुश (आतले झिजणारे भाग) बदलायला त्यामानानं लय कमी पैसे लागतात, पण अर्धा दिवस गाडी अडकते. शोरूममध्ये बहुतेक वेळा सेल्फ खोलत नाहीत, पूर्ण नवाच घ्या म्हणतात. गाडी वॉरंटीत असेल तर निमूट शोरूमलाच जा. वॉरंटी संपली असेल तर माझं स्पष्ट मत, शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं सेल्फ द्या. आपल्या गावात लेथ आणि मशीनकामाची पिढ्यानपिढ्यांची हुशारी आहे, तिचा फायदा घ्यायचा. फक्त बसवण्याआधी समोर बॅटरीला जोडून फिरवून दाखवायला सांगा आणि जुने ब्रश मागून घ्या, झिजलेले दिसतातच.

बॅटरीच घ्यायचं ठरलं तरी आधी इंजिन चालू करून मीटर लावा. 13.8 ते 14.5 पाहिजे. गाडी चालू असून 13 च्या खालीच राहत असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा पट्टा बघा, नाहीतर नवी बॅटरी पण चार दिवसात उतरणार. सिग्नलला आपोआप बंद होऊन परत चालू होणारी गाडी असेल तर तिला साधी बॅटरी चालत नाही, ईएफबी किंवा एजीएम (सारखं बंद-चालू सोसणाऱ्या बॅटरीचे प्रकार) लागते, दुकानदार स्वस्तातली सुचवत असला तरी ऐकू नका.

तिसरी बाजू, सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी पकडत नाही. चावी ऑन करा, मागच्या सीटखालनं पंपाचा दोन सेकंद बारीक आवाज येतोय का ऐका. ऑन-ऑफ दोन-तीनदा करून मग सेल्फ मारल्यावर लगेच चालू झाली, तर रात्रभरात लाईनमधला प्रेशर उतरतोय, पंप किंवा इंजेक्टरकडं बघायला लागणार. थंड असताना नीट आणि गरम झाल्यावर अडकते तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो तो) संशय घ्या, इथं मात्र स्कॅनर, म्हणजे त्या कॉम्प्युटरमधला दोष वाचायचं यंत्र, असलेल्याकडंच जा, अंदाजानं पार्ट बदलत बसू नका. डिझेलवाल्यांनी हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना आत गरमी देतो तो) तपासा. सीएनजीवाल्यांनी टाकीत पेट्रोल कायम थोडं तरी ठेवा, बऱ्याच गाड्या चालू पेट्रोलवरच होतात आणि कोरड्या टाकीत पंप जळतोय.

तोवर काम भागवायचं असेल तर सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा. धक्का मारून चालू करणं फक्त गिअरवाल्या गाडीला, ऑटोमॅटिकला नाही. आणि पंचगंगेच्या पुराचं पाणी इंजिनपर्यंत चढलेली गाडी असेल तर सेल्फला हातच लावू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतोय, सरळ टो करून गॅरेजला न्या.