रत्नागिरीतलं कपल काउन्सेलिंग: पैसे वसूल, पण भिंती पातळ

मारुती मंदिर एरियात एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर एक मॅडम जोडप्यांचं काउन्सेलिंग करतात, त्यांच्याबद्दल लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि रत्नागिरी ती केवढीशी, सकाळी लिहिलं की दुपारपर्यंत मांडवीच्या भेळवाल्याला सुद्धा कळतं. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठे कापला ते खाली येईलच.

खरी अडचण म्हणजे नवऱ्याला त्या जिन्यापर्यंत नेणं. इथे १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे कोकणात कुठेही कोणी जरा वेगळं वागलं की 'याला रत्नागिरीला न्या रे' म्हणतात, आणि आम्ही राहतोच रत्नागिरीत, आम्हाला आणखी कुठे नेणार! विषय काढला तर त्याचं पहिलं वाक्य 'मी काय वेडा आहे काय' आणि दुसरं 'तू वकिलाकडे जाऊन आलीस का'. दुसऱ्याचं मला नवल नाही वाटलं. १९८४ च्या कायद्याने फॅमिली कोर्ट आली, तिथे समुपदेशक असतात, आपल्याकडे बहुतेकांनी हा प्रकार तेवढाच ऐकलेला, आणि तिथवर माणसं जातात तेव्हा निम्मं सामान माहेरी पोचलेलं असतं. भांडण चालू आहे पण संसार पण चालू आहे अशा वेळी जायची जागा असते हे कोणी सांगतच नाही.

मॅडमनी जोडीने बसवायच्या आधी दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं. मला सरळ विचारलं, हात उचलतो का, घरात त्याची भीती वाटते का, पैसे-फोन काढून घेतो का. नाही म्हटल्यावरच पुढे. मारहाण असेल तर त्या जोडीचं सेशन घेतच नाहीत, कारण बाई तिथे खरं बोलली तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. तिथे २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आणि १८१ हेल्पलाइन, तो रस्ताच वेगळा. हे त्यांनी आधी विचारलं याला माझ्याकडून एक पूर्ण स्टार.

आता आमचं भांडण. नवऱ्याची पावसकडे कलमांची बाग, मी पतसंस्थेत. ज्यांच्या घरी आंबा आहे त्यांना सांगायला नको, मोहोर आला की फवारण्या, थ्रिप्सची कीड, मग अवकाळी, आणि पैसा सगळा आधी जातो, येतो तो मागाहून. तर ह्याने पुढे निघणाऱ्या आंब्याच्या पेट्यांवर वाशीच्या दलालाकडून ॲडव्हान्स उचलला आणि मला ते कळलं नणंदेकडून, तेही फोनवर भलत्याच विषयावर बोलताना. मग माझं 'तू नेहमी असंच करतोस, घर म्हणजे तुला लॉज वाटतं', त्याचं 'तुला बागेतलं काय कळतं', आणि मग त्याचं तोंड बंद. बंद म्हणजे किती, तर मी समोर उभी असताना सासूबाईंना सांगायचा, 'आई, तिला सांग जेवायला वाढ'. आईंचा नुसता टेलिफोन एक्स्चेंज झाला होता.

मॅडमना मी फाइलमध्ये घालून पुरावे नेले होते, खरंच, दलालाच्या पावत्यांचे प्रिंट. त्यांनी फाइल उघडलीच नाही. म्हणाल्या कोण बरोबर ते इथे ठरत नाही, इथे एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त काय ऐकलं ते परत सांगायचं, बोलणारा 'हो हेच' म्हणेपर्यंत. वाचायला बालवाडी वाटतं. मी बोलले, आणि नवरा म्हणाला, 'ती म्हणतेय मी पैशाची उधळपट्टी करतो'. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं नाही, उधळपट्टी मी बोललेच नाही, ताईंना आधी कळतं आणि मला नंतर, मग मी या घरात कोण? परत सांगितलं त्याने. चुकीचं. परत. शेवटी कुठे म्हणाला, 'तिला ॲडव्हान्सचा राग नाही, लोकांकडून कळल्याचा आहे', आणि गप्प बसला, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. नंतर माझी पाळी आली तेव्हा मला पण तीनदा 'नाही, हे नाही म्हटलं मी' ऐकायला लागलं. तो दलालाचं नाव घरात काढत नव्हता कारण त्याच्या वडिलांची अर्धी बाग अशाच उचलीत गेली होती आणि त्याला लाज वाटत होती. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

मॅडम ज्या पद्धतीने काम करतात त्यातलं बरंचसं जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांचं. त्यांनी जोडप्यांना प्रत्यक्ष भांडताना रेकॉर्ड करून अभ्यास केला आणि चार गोष्टी घातक म्हणून काढल्या: माणसावरच टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यात तुच्छता सगळ्यात वाईट, म्हणजे ते डोळे फिरवणं, 'तुला काय कळतंय' वालं. आमच्याकडे चारही होत्या, वाटून घेतल्यासारख्या. त्यांचंच आणखी एक आहे की जोडप्यांची साधारण ६९ टक्के भांडणं कधी मिटतच नाहीत, स्वभावातली असतात, त्यांच्याबद्दल बोलत राहता येणं एवढंच जमवायचं असतं. हे ऐकून नवऱ्याने विचारलं, 'मग फी कशाची?' मॅडम मनापासून हसल्या, उत्तर मात्र दिलं नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट ऑक्सिमीटरची. करोनात घेतलेला प्रत्येकाच्या कपाटात पडलाय तोच. मॅडमनी भांडण रंगात आलं असताना नवऱ्याच्या बोटाला लावला, तो खुर्चीत दगडासारखा बसलेला आणि पल्स ११२. मला इतकी वर्षं वाटायचं याला काही फरकच पडत नाही! शंभरच्या वर गेलं की डोकं ऐकूनच घेत नाही, तेव्हा निदान वीस मिनिटं थांबायचं, पण उठताना 'साडेआठला परत बोलू' असं टायमिंग सांगून उठायचं. टायमिंग न सांगता बागेत निघून गेला तर तो ब्रेक नाही, ती तीच जुनी भिंत. आणि त्या वीस मिनिटांत पुढचे डायलॉग मनात तयार करायचे नाहीत, हे मला अजून जमत नाही.

तक्रारी. एक, भिंती. मधलं पार्टिशन प्लायचं आहे, बाहेर बसलो की आतल्या नवरा-बायकोचा गॅस सिलिंडरवरचा वाद सगळा ऐकू येतो, म्हणजे आमचा ॲडव्हान्सही कोणीतरी ऐकला असणार. वर रिसेप्शनवरची मुलगी आडनाव मोठ्याने पुकारते. अगो, नंबर दे की! दोन, घरी करायला दिलेले कागद इंग्रजीत, नवऱ्याचं शिक्षण मराठीतून झालंय, त्याने ते घडी करून गाडीच्या कप्प्यात टाकले, मग मी मराठीत लिहून दिले. तीन, 'आठवड्यातून एकदा दोघंच बाहेर जा' हा होमवर्क मुंबईला ठीक आहे, आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो तर दर दहा पावलांवर ओळखीचं, 'काय, आज दोघंच?' म्हणून. आणि ऑनलाइन सेशन घेऊच नका, निदान बागेतून तरी नाही, तिकडे रेंज नाही, मी रडवेली झालेली आणि स्क्रीनवर नवरा तोंड उघडं टाकून अडकलेला.

फी बाराशे, पाऊण तासाची. स्वस्त नाही. एवढं नको असेल आणि आधी फक्त कोणाशी तरी बोलायचं असेल तर सरकारचं टेलि-मानस आहे, मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, १४४१६, फुकट, मराठीतही बोलता येतं, पण ती जोडप्याची थेरपी नव्हे, एकट्याला धीर मिळतो.

भांडणं थांबली का, तर नाही. शिमग्याला पालखी घरी यायच्या आदल्या दिवशीच खर्चावरून जुंपली, पण ह्याने 'नऊला बोलू' म्हटलं आणि नऊला खरंच आला, आणि ॲडव्हान्स आता दोघांच्या सहीने घ्यायचा असं वहीत लिहिलंय. सासूबाई म्हणतात, माझी निरोप्याची नोकरी गेली.

जाणार असाल तर मार्च ते मे शनिवारची अपॉइंटमेंट मिळत नाही, बुधवारी दुपारी मिळते. खाली पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत या.