इंग्लिश हेरिटेजचं सभासदत्व: अकरा महिने, गाडीशिवाय

गेल्या शनिवारी एका किल्ल्याच्या पायथ्याशी आई आणि दोन्ही मुलांना घेऊन मी पाऊण तास पावसात उभी होते. शेवटची बस आलीच नाही. थांब्यावर वेळापत्रक होतं, पण फेरी रद्द झाल्याची साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती. बस कंपनीचा फोन कुणी उचलला नाही. टॅक्सीला २८ पौंड मोजले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले.

इंग्लिश हेरिटेज म्हणजे इंग्लंडमधले किल्ले, वाडे आणि जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था. वर्षाचे पैसे भरले की सभासदाचं कार्ड मिळतं, त्यावर चारशेच्या वर ठिकाणं बघता येतात, बरोबरची मुलं फुकट. आमचं दोघांचं मिळून कार्ड आहे. मिरजेहून आलेल्या आईचं तिकीट वेगळं काढावं लागतं. तिकिटांपुरतं बघितलं तर स्टोनहेंज, डोव्हर, केनिलवर्थ अशी चार ठिकाणं होईपर्यंत पैसे वसूल झाले. पण आम्ही राहतो कॉव्हेंट्रीत आणि गाडी नाही. स्टोनहेंजला आत जायला दमडी पडली नाही, तरी सॉल्झबरीपर्यंतची रेल्वे आणि पुढची बस मिळून जो खर्च झाला त्यात मुलांचे हिवाळी बूट आले असते. हा दोष कार्डाचा नाही, जुन्या वास्तू आडबाजूलाच असायच्या. पण कार्ड घेण्याआधी हा हिशेब कुणी सांगितला नव्हता, म्हणून मी सांगते.

केनिलवर्थ मात्र घराजवळचं, तिथे चारदा गेलो. इंग्लंडच्या राजाने बंडखोरांना घातलेला १२६६ चा वेढा सहा महिने चालला, तो याच किल्ल्याला. भोवतीच्या विस्तीर्ण तळ्याचं आता कुरण झालंय, मुलं तिथे मनसोक्त धावतात.

मार्चपर्यंत माझं ठरलं होतं, पुन्हा पैसे भरायचे नाहीत. मग आईला घेऊन ऑस्बर्नला, व्हिक्टोरिया राणीच्या बेटावरच्या वाड्यात, गेलो. साउदॅम्प्टनहून तासाभराचा बोटीचा प्रवास, ईस्ट काउजला उतरून वर चढण. व्हिक्टोरिया राणी भारतात कधी आली नाही, पण तिच्या या घरातला दरबार हॉल पंजाबच्या भाई राम सिंग यांनी सजवला, १८९०-९१ मध्ये. शेकोटीवरचा मोर बघून मी थबकलेच. आई मात्र शेजारच्या बोळात अडकली होती. तिथे रुडॉल्फ स्वोबोडा या ऑस्ट्रियन चित्रकाराने रंगवलेले भारतीय चेहरे आहेत. त्यांत १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी आणलेले कारागीरही आहेत, त्यांतले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगात काम शिकलेले. त्यांतला एक बक्षीराम कुंभार, वय १०२ सांगितलेलं. आई म्हणाली, "अगं, एवढ्या म्हाताऱ्याला बोटीने आणलं? घरचे कसे राहिले असतील गं?" इतकी वर्षं इथे राहून मला हा प्रश्न पडला नव्हता. आम्ही दोघी तिथे अर्धा तास होतो, बाकीचा वाडा घाईत उरकला.

तर शनिवारचा राग असूनही काल पैसे भरले. एक कारण ऑस्बर्न. दुसरं असं, की पहिल्या वर्षी वेल्स आणि स्कॉटलंडच्या वारसा संस्थांच्या किल्ल्यांवर निम्मं तिकीट लागतं, सभासदत्वाचं नूतनीकरण केल्यावर तेही माफ. एडिंबराचा किल्ला स्टेशनातून चालत गाठता येतो. आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ ते १२८७ मध्ये वेल्समध्ये बांधलेल्या कॉनवी किल्ल्याजवळचं स्टेशन तर गावाच्या तटबंदीच्या आतच आहे. आई परत जायच्या आत कॉनवी करायचं आहे. त्या फेरीत बस कुठेच लागत नाही, मी दोनदा तपासलं.