सपाट माळरानावर चिंकारा शोधण्यासाठी ८×४२ ची दुर्बीण : एका हिवाळ्याचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात मी पुण्यात लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका जुन्या दुकानातून ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचे असलेली, दुर्बीण विकत घेतली आणि फेब्रुवारी संपेपर्यंत ती सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात सात वेळा वापरली. कंपनीचे नाव मी येथे देत नाही. १२ ते १५ हजार रुपयांच्या टप्प्यातील याच मापाच्या तीन-चार दुर्बिणी मी दुकानाच्या दारात उभा राहून समोरच्या पाट्यांवर रोखून पाहिल्या होत्या आणि त्यांच्यातील फरक मला फारच थोडा वाटला. माझ्या दृष्टीने महत्त्व मापाला आहे आणि जे लिहीत आहे ते त्याविषयीच.

बारामती तालुक्यातील हे अभयारण्य पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे हे रान चिंकाऱ्यासाठी राखलेले आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना कड्यावर बसून खालचे जंगल न्याहाळण्याची सवय असते. येथे ती सोय नाही. जमीन जवळजवळ सपाट, गवत गुडघ्याएवढे, त्यात बोर, हिवर, तरवड आणि बाभळीची खुरटी झुडपे. चिंकारा खांद्याशी साधारण ६५ सेंटिमीटर उंच असतो आणि त्याचा रंग वाळल्या गवतासारखा असतो, त्यामुळे तो उभा असला तरी बोरीच्या एका झुडपामागे सहज झाकला जातो. (आपण त्याला हरीण म्हणतो, पण चितळ-सांबरांप्रमाणे त्याची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत, तो कुरंगांच्या कुळातला आहे.) हिवाळ्यात पाणवठ्यावर वाट पाहत बसूनही फारसे हाती लागत नाही, कारण पाला आणि दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो बराच काळ निभावतो. त्यामुळे शोध घ्यावा लागतो तो झुडपाझुडपातूनच.

याआधी माझ्याकडे १०×५० ची दुर्बीण होती. दहापट मोठे दिसते म्हणजे अधिक चांगले, अशी माझी समजूत होती आणि दोन हिवाळे मी त्या समजुतीवर काढले. तिचे वजन किलोच्या जवळपास होते, हात थरथरला की चित्रही दहापट थरथरे, आणि दृष्टिक्षेत्र १००० मीटरवर ९८ मीटर एवढेच होते. नव्या दुर्बिणीचे तेच क्षेत्र १३० मीटर आहे, म्हणजे ३०० मीटरवर सुमारे ३९ मीटर रुंदीचा माळ एका नजरेत मावतो. जुन्या दुर्बिणीत हीच रुंदी २९ मीटरच्या आसपास होती. आकड्यांत हा फरक लहान वाटेल, परंतु कळप चालू लागला की एक मादी झुडपामागे जाते आणि दुसरी पलीकडून बाहेर येते. त्या वेळी दोन्ही कडा एकाच वर्तुळात असणे किती मोलाचे आहे, हे तेथे उभे राहिल्यावरच पटते.

उजेडाच्या बाबतीतही माझे काही गमावले नाही. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात आणि ५० ला १० ने भागले की पाच. डोळ्यात उतरणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिलिमीटरचा असतो. सूर्य उगवण्याआधीच्या अर्ध्या तासात ही दुर्बीण जुन्या, जड दुर्बिणीपेक्षा तसूभरही कमी पडली नाही. याउलट सकाळी दहानंतर जमीन तापते, मृगजळ हलू लागते आणि मग कितीही पट मोठे करून पाहिले तरी ती थरथरही तितकीच मोठी होते. त्या वेळेनंतर कोणत्याही दुर्बिणीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

दुसऱ्या फेरीत भेटलेल्या एका वनरक्षकाने मला जे सांगितले, त्यामुळे दुर्बिणीचा खरा उपयोग कळला. तो म्हणाला, “साहेब, अख्खं हरीण हुडकू नका, शेपटी हुडका.” चिंकाऱ्याची शेपटी काळी असते आणि ती सारखी हलत असते. तेव्हापासून मी सूर्य पाठीशी आणि वारा तोंडावर घेऊन वाटेच्या कडेलाच बसतो, कोपरे गुडघ्यांवर टेकवतो आणि प्रत्येक झुडपाच्या सावलीवर तीन-चार सेकंद थांबत नजर जवळून दूर नेतो. उभ्या काड्यांत एखादी आडवी रेघ दिसली की ती बहुधा पाठ असते. वाटेवर लेंड्यांचा ढीग ताजा असेल तर तेथे अधिक वेळ देतो, कारण चिंकारे पुन्हा पुन्हा त्याच जागी लेंड्या टाकतात. या रीतीने सातपैकी पाच सकाळी मला ते दिसले. सर्वांत जवळचा नर सुमारे १२० मीटरवर होता आणि त्याच्या शिंगांवरील वळ्या मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसत होत्या. त्याने पुढचा खूर दोनदा आपटला आणि शिंकेसारखा आवाज केला, तेव्हा मी दुर्बीण खाली घेऊन मागे सरकलो. वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे, तेव्हा त्याला चरणे सोडून पळायला लावणे हीदेखील आपली चूकच आहे.

उणिवाही आहेत. सोबत आलेला पट्टा अरुंद असून तासाभरात मानेत रुततो. मी छातीवर बांधायचा पट्टा वेगळा घेतला. पुढच्या भिंगांची झाकणे सैल आहेत आणि माळावरची बारीक धूळ भिंगावर बसते, ती आधी फुंकणीने उडवावी, रुमालाने मुळीच पुसू नये. चष्मा असणाऱ्यांनी डोळ्याकडचे रबरी कडे पूर्ण आत फिरवूनही चित्राच्या कडा दिसतात का, हे पैसे देण्यापूर्वी दुकानातच पाहून घ्यावे. मी पाहिलेल्यांपैकी एका दुर्बिणीत त्या दिसत नव्हत्या आणि केवळ त्या कारणाने ती मी घेतली नाही.