कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं सुट्ट्या धान्याचं दुकान, तीन महिन्यांच्या वहीसकट

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकणार नाही. मालकांनीच हात जोडले, म्हणाले वहिनी मोबाईलवर नाव नका घालू, रविवारी बाजाराच्या दिवशी आधीच पाय ठेवायला जागा नसतीय. आणि मला थोडी तक्रार पण लिहायचीय, त्यामुळं बरंच झालं. लक्ष्मीपुरीत धान्याच्या लायनीला जी जुनी दुकानं आहेत, दारात उघडी पोती, मागं अंधार, पुढं काटा, त्यातलं एक समजा. सगळी साधारण सारखीच आहेत.

आम्ही घरात पाच माणसं. मी, हे, आत्या (सासूबाई, आमच्यात आत्याच म्हणतात) आणि दोन पोरं, थोरला आठवीत म्हणजे त्याचं एकट्याचंच जेवण दोघांचं. ह्यांची नोकरी शिरोलीला फाउंड्रीत, ओव्हरटाईम लागला की महिना नीट जातोय, नाही लागला की वीस तारखेपासून डबे वाजायला लागतात. किराण्याला माझ्याकडं पाच हजार असतात, तेलासकट. दूध, भाजी, गॅस वेगळं.

दीड-दोन वर्षं आम्ही महिन्याचं सामान मॉलमधनंच आणत होतो. एसी, ट्रॉली, पोरं पण खूष, आणि प्रत्येक गोष्टीवर एमआरपी खोडून खाली लाल अक्षरात कमी दर लिहिलेला, वाटायचं किती वाचवतोय आपण. बिलाच्या खाली पण छापलेलं असतंय की तुम्ही आज इतके रुपये वाचवले. एका महिन्यात ६,१०० बिल झालं आणि ह्यांनी सहज विचारलं की वाचवले ते कुठं ठेवलेस. राग आला मला, पण त्या रात्री बिल घेऊन बसले आणि पेनानं दोन रंगात खुणा केल्या, यादीत लिहून नेलेलं निळं आणि तिथं बघून घेतलेलं लाल. निळं ४,३०० आणि लाल १,८००. लाल म्हणजे काय तर एकावर एक फ्री नूडल्स, चॉकलेटचं कायतरी पसरायचं, तीन प्रकारची बिस्किटं, डबा फ्री म्हणून घेतलेली कॉफी (आमच्यात कॉफी कोण पीत नाही).

तेव्हापासनं वही घातली आणि तीन महिने हे दुकान करून बघितलं. पहिल्या महिन्यात ४,७०० झाले, दुसऱ्यात ४,४५०, तिसऱ्यात पाहुणे होते म्हणून ५,०५०.

आता खोटं कशाला बोलू, दर सगळे इथं कमी आहेत असं अजिबात नाही. साखर मॉलमध्ये स्वस्त पडतीय, साबण, पावडर, चहा पण. ते मी अजून तिकडनंच आणते, एकटी जाऊन आणि ट्रॉली न घेता. धान्य-कडधान्यात किलोमागं पाच-दहा रुपये इकडं-तिकडं, त्यातला थोडा फरक कराचा असणार, कारण १८ जुलै २०२२ पासनं पाकीटबंद डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे आणि सुट्ट्यावर नाही. तांदळाच्या २६ किलोच्या पिशव्या निघाल्यात त्या त्याच्यामुळंच, २५ च्या वर गेलं की कर नाही. मला आधी वाटायचं एक किलो प्रेमानं जास्त देतात.

खरी बचत दरात झालीच नाही. झाली ती यादी मोठ्यानं वाचायला लागतीय म्हणून. इथं ट्रॉली नाही, हात लावून उचलायचं नाही, काउंटरला उभं राहून वाचायचं, तूरडाळ दीड, मसूरडाळ दीड, आख्खा मसूर दोन, हुलगा (म्हणजे कुळीथ) एक. मागं चार बायका ऐकत असतात. तिथं उभं राहून चॉकलेटचं पसरायचं मागायला तोंडच उघडत नाही. आणि ओवा वीस रुपयाचा द्या, तीळ दीडशे ग्रॅम द्या असं मागता येतंय. मॉलमध्ये तिळाचं मोठं पाकीट घ्यायचं आणि अर्धं खवट करून टाकून द्यायचं असला प्रकार होता माझा.

दुसरं म्हणजे मालक. साठीचे आहेत, गल्ल्यावरनं उठत नाहीत पण नजर सगळ्या पोत्यांवर. मागच्या खेपेला मी मटकी दोन किलो सांगितली तर म्हणाले, "आज नको वहिनी, आतनं भुंगा लागलाय, गुरुवारी नवीन पोतं फुटंल." स्वतःच्याच मालाला कोण असं म्हणतंय? आणि दिवाळीनंतर मी तूरडाळ पाच किलो घ्यायला गेले तर दोनच दिली. म्हणाले नवी तूर येऊ दे, संक्रांत झाल्यावर बघू, आत्ता कशाला जुन्या दरानं भरताय. पुढं डाळ खरंच खाली आली. मॉलच्या रॅकवरचा स्टिकर हे सांगत नाही.

तेलाचं मात्र ध्यानात ठेवा, ते कुठंही घेतलं तरी. पाकिटं सगळी एकसारखी दिसतात पण एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि आता शेजारीच ८००, ८५० ग्रॅमची पण असतात. मी बघितलं तेव्हा ९१० चं १४५ ला होतं आणि ८०० चं १३५ ला, बायका १३५ चं उचलत होत्या. हिशोब करा, पहिलं किलोला १५९ पडतंय आणि दुसरं जवळजवळ १६९. दहा रुपये वाचवायला जाऊन किलोमागं नऊ जादा. या दुकानात दोन्ही ठेवतात आणि विचारलं तरच सांगतात, हा एक मार्क मी कापला. सुट्टं तेल हे ठेवत नाहीत, ते बरंय, त्याला कायद्यानं बंदीच आहे आणि त्यात काय मिसळलंय ते कुणाला कळणार.

आता तक्रारी. पहिली शेंगदाण्याची. दोन किलो घेतले, घरी येऊन अर्धा किलो भाजून कूट केलं आणि मग खाताना कळलं खवट आहेत. परत नेले. मालकांनी दोन दाणे तोंडात टाकले, चावले, बाहेर जाऊन थुंकले आणि एक शब्द न बोलता दीड किलो बदलून दिले. चांगलं वाटलं. पण जे भाजलं त्याचं काय, तर "ते भाजायच्या आधी चावून बघायचं असतंय वहिनी." पासष्ट रुपये गेले माझे. दुसरी वजनाची. दहा किलो शाळू (ज्वारी) घेतला, सरळ गिरणीत नेला तर गिरणीवाल्याच्या काट्यावर भरला ९ किलो ८५०. परत गेले (चालत, उन्हात). काट्यावरचं पोरगं म्हणालं बारदान धरलं असंल. म्हणजे पिशवीचं वजन पण मी शाळूच्या भावानं घेतलेलं. दीडशे ग्रॅम दिले काढून, पण मी गेले नसते तर? जी बाई गिरणीत मोजत नाही तिचं तसंच जातंय. मालकांना सांगितलं तर पोराला ओरडले, पण ते ओरडणं मला जरा सरावाचं वाटलं. पावती पण कच्ची असतीय, कागदावर नुसते आकडे, कशाचे किती ते तुम्ही आठवायचं.

आता यातनं घर जेवतंय कसं ते सांगते, कारण स्वस्त आणून पोरांनी ताटात टाकलं तर काय उपयोग. तूरडाळ एकटी वापरायची मी बंद केली. १२० ची तूर आणि ८० ची मसूर निम्मी निम्मी, वरणात कुणाला कळलं नाही, आत्यांना कळलं पण त्या म्हणाल्या बरी मिळून येतीय. महिन्याला तीन किलो डाळ लागतीय, साठ रुपये तिथंच सुटले. आख्खा मसूर आठवड्यात एकदा, धाब्यावर करतात तसा, कांदा-लसूण जास्त आणि वरनं आपली चटणी. चटणी म्हणजे आमच्या कोल्हापूरची, लाल, मसाल्याची, बाहेरच्यांनी खोबऱ्याची समजू नये. ती एप्रिलमध्ये वर्षाची एकदम करतो, ब्याडगी, संकेश्वरी आणि थोडी लवंगी, आणि डंकावर कांडून आणायची. त्या महिन्यात बजेट फुटतंय पण वर्षभर मसाल्याचं एक पाकीट घरात येत नाही.

हुलग्याबद्दल लोक नाक मुरडतात, घोड्याचं खाणं म्हणतात. पावसाळ्यात माडगं करा, हुलगे भाजून दळून आणायचे, पातळ शिजवायचं, लसूण, मिरची, गूळ हवा तर गूळ. धाकटीला सर्दी झाली की तीच मागतीय. मोड आणून उसळ पण होतीय. भाकरी शाळूची, चार दिवस भाकरी तीन दिवस चपाती, कारण थोरल्याला डब्यात भाकरी नको असतीय, वाळतीय म्हणतो, ते पण खरंच आहे.

गव्हात सोयाबीन घालायचं डोकं मालकांचंच. नऊ किलोला एक. पहिल्यांदा मी कच्चंच घातलं, चपात्यांना असला वास आला की ह्यांनी विचारलं पिठात काय सांडलंय का. मग कळलं आधी पाण्यात उकळून, कडक वाळवून मग दळायचं असतंय, कच्चं सोयाबीन पचत पण नाही. आता कळत नाही. तांदूळ रोजच्याला कोलम, इडली-डोशाला कणी, ती बऱ्यापैकी स्वस्त पडतीय आणि वाटणातच जाणार तर आख्खा दाणा कशाला. आजरा घनसाळ सणाला, अर्धा किलो, वास सगळ्या गल्लीत.

रविवारी अंड्याचा रस्सा, दहा अंडी. मटण महिन्यातनं एकदा, अर्धा किलो, त्यात तांबडा पांढरा दोन्ही करायचं म्हणजे पाणीच वाढवायचं, पण वास तर येतोय. मटणाच्या दरावरनं २०१९ ला आख्खं कोल्हापूर आंदोलनाला उतरलं होतं, डाळीसाठी कोण उतरलेलं मी बघितलं नाही.

एकदम घ्यायचं म्हणलं तर पैसे एकदम लागतात, ही खरी अडचण. पन्नास किलोच्या पोत्याला दर कमी लागतोय पण पगारात ते बसत नाही. मी भिशीचा नंबर एप्रिलमध्ये मागून घेते, आमच्या गल्लीत अकरा जणींची आहे, बाकीच्यांना दिवाळीला हवा असतोय त्यामुळं भांडण नाही. त्यात साठ किलो लोकवन गहू आणि पन्नास किलो शाळू, तेव्हा माल नवा असतोय, दर पण बरा. दुकानाचा हमाल टेम्पोत घालून देतोय, घरी पत्र्याच्या कोठीत, मधे मधे कडुनिंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवायचा. हे सगळं आत्या करतात, मी फक्त बघून शिकले. त्यांच्या माहेरी अजून शेर-पायलीत बोलतात, काटा बघितला की त्यांना संशय येतोय, आणि बारदानाच्या प्रकारानंतर मला त्यांचं पटलंच.

उधारी चालतीय पण ओळख लागतीय, वहीवर नाव चढायला आम्हाला दोन महिने लागले. मी एकदाच घेतली, बावीस तारखेला, सातशेची. मालकांनी परत कधी देणार विचारलं नाही, पण पुढच्या वेळी यादी वाचताना मीच अर्ध्या गोष्टी गाळल्या. ते कळलं असणार त्यांना, कारण गूळ मी सांगितला नव्हता आणि पिशवीत अर्ध्या किलोची ढेप निघाली, पावतीत पण धरलेली नव्हती. घरी येऊन आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या दीडशे ग्रॅम शाळूचे असतील.

पाचात साडेतीन देते. मधल्या वारी अकराच्या पुढं जावा, रविवारी नको. गाडी लांबच लावा, दारात लावली तर हातगाडीवाल्याच्या शिव्या खायला लागतात. पिशव्या घरनं न्या, शेंगदाणा चावून बघा, आणि रिकामी पिशवी काट्यावर ठेवून झिरो करून घेतल्याशिवाय त्या पोरग्याला धान्य ओतू देऊ नका.