गळ्यातली पाटी: न्गूगींचं ‘डीकॉलनायझिंग द माइंड’

धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी गेली अठरा वर्षं इंग्रजी साहित्य शिकवते. केनियाचे लेखक न्गूगी वा थिओंगो यांच्या ‘डीकॉलनायझिंग द माइंड’मधला पहिला निबंध नेमलेला असायचा, म्हणून तेवढाच वाचायचा, नोट्स द्यायच्या, मोकळं व्हायचं. मे २०२५ मध्ये न्गूगी गेले. त्या सुट्टीत हे १९८६ चं लहानसं पुस्तक पहिल्यांदा सलग वाचलं. चारच निबंध आहेत, पण मला फार दिवस पुरले.

न्गूगींच्या शाळेत, ब्रिटिशांनी केनियात लावलेल्या आणीबाणीनंतर, म्हणजे १९५२ नंतर, इंग्रजी आली. शाळेच्या आवारात गिकुयू ही घरची भाषा बोलताना सापडला की छडी, नाहीतर ‘मी गाढव आहे’ अशी धातूची पाटी गळ्यात. गुन्हेगार शोधायची रीत तर अशी की सकाळी एका मुलाच्या हातात बटण द्यायचं. जो आपली भाषा बोलेल त्याच्याकडे त्यानं ते सरकवायचं. संध्याकाळी शेवटच्या मुलानं नाव सांगायचं, मग त्याच्या आधीच्यानं. दिवसभरात घरची भाषा बोललेली सगळी पोरं एका माळेत सापडत, आणि प्रत्येकानं कुणाला तरी पकडून दिलेलं असे.

आमच्या शाळेत बटण नव्हतं. पाचवीत वडील कुठे आहेत असं विचारल्यावर मी ‘मना बाप वावरमा शे’ म्हणाले होते. वर्ग हसला, गुरुजीही हसले. मी घरी अहिराणी बोलायची हळूहळू बंद झाले. म्हणजे मला गप्प केलं ते इंग्रजीनं नाही, प्रमाण मराठीनं. आणि पुढे प्राध्यापक झाल्यावर मीच मुलांना ‘वर्गात नीट बोला’ म्हणत आले. ते बटण इतकी वर्षं माझ्या हातात होतं, हे मला या पुस्तकानं दाखवलं.

पण पुस्तकाचा जीव आहे तो दुसऱ्या निबंधात, नाटकाच्या. लिमुरूजवळचं कामिरिथू हे न्गूगींचं गाव. तिथल्या सांस्कृतिक केंद्रासाठी त्यांनी आणि सहलेखक न्गूगी वा मिरी यांनी १९७७ मध्ये गिकुयूत ‘न्गाहिका न्डेंडा’ हे नाटक लिहिलं. संहिता गावापुढे वाचली, तर गावानं ती दुरुस्त केली. म्हाताऱ्यांनी संवादांची भाषा सुधारली, लग्नाचे विधी कसे होत ते सांगितलं, कारखान्यातल्या कामगारांनी आपल्या मजुरीचा हिशेब मांडला. तालमी शनिवारी दुपारी आणि रविवारी, उघड्यावर, येणारा-जाणारा बघतोय अशा. दोन हजार माणसं बसतील असं खुलं नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतः उभारलं. त्याचा नमुना आधी काड्यापेटीच्या काड्यांचा केला होता. एका रविवारी पावसानं प्रयोग तीनदा थांबवला. लोक आडोशाला जात आणि पाऊस थांबला की परत येऊन बसत. हे वाचताना मला आमच्याकडे रात्रभर चालणारा तमाशा आणि गोधड्या घेऊन आलेल्या बायका आठवल्या.

सरकारला हे सोसलं नाही. नोव्हेंबरात प्रयोगांवर बंदी आली आणि ३१ डिसेंबरला न्गूगींना उचललं. खटला न चालवता वर्षभर कामिटी तुरुंगात ठेवलं, तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. १९८२ मध्ये पोलिसांनी ते नाट्यगृह जमीनदोस्त केलं. इंग्रजीत ते सरकारवर कडक लिहीत होतेच, तुरुंगात गेले ते शेतमजुराला कळेल असं बोलल्यावर.

विद्यापीठाबद्दलचा शेवटचा निबंध मात्र मला कोरडा वाटला, आणि वाईट वाटलं, कारण विषय माझ्या पोटापाण्याचा. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात न्गूगी आणि त्यांचे सहकारी ओवुओर-अन्युम्बा व तबान लो लियोंग यांनी इंग्रजी विभागच बरखास्त करा अशी मागणी केली. आफ्रिका मध्यभागी ठेवा, मौखिक वाङ्मय शिकवा, बाकीचं जग तिच्या नात्यानं बघा, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद बिनतोड आहे, पण वर्गात काय बदललं, मुलं काय म्हणाली, हे फारसं हाती लागत नाही. साम्राज्यवाद, शेतकरी, कामगार हे शब्द इतक्यांदा येतात की त्यामागची माणसं पुसट होतात.

दुसरी तक्रार अशी. गिकुयू ही केनियाच्या चाळीसहून जास्त भाषांतली एक, आणि मोठी. लहान भाषेवर शेजारच्या मोठ्या देशी भाषेचं ओझं पडतं, त्याला इथे पुरेशी जागा नाही. अहिराणी, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या वाचकाला ती रिकामी जागा लगेच दिसेल.

पुस्तक इंग्रजीतलं आहे आणि त्यातच त्यांनी इंग्रजीचा निरोप घेतला. पुढे आठवणी इंग्रजीत लिहिल्या, कादंबऱ्या मात्र गिकुयूतच. मला त्यात खोट दिसत नाही.

विकत घ्या, आणि दुसऱ्या निबंधापासून वाचा. यंदा मी हाच निबंध एस.वाय.च्या वर्गात आधी घेतला. पावसाचा प्रसंग अहिराणीत सांगायला सांगितलं. बराच वेळ कुणी उठलं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, तिनं सुरुवात केली, आणि मधे अडली तेव्हा तीन-चार जणांनी एकदम शब्द पुरवले.