टेक सिंगचा वाडगा आणि त्याच्या तळातलं कोरडं कडं

वाडग्याच्या आत तळाशी झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, नसलेलं एक कडं आहे अशी तक्रार मी विक्रेत्याकडे केली होती. त्याचं उत्तर काल आलं. ऑनलाइन खरेदीचे चौदा दिवस कधीच उलटले, त्यामुळे वाडगा परत घेणार नाही, आणि मुळात वाडग्यात दोषच नाही, असं त्याचं म्हणणं. दोषाबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं आहे. त्याच्या वागण्याबद्दलचं बदललेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

वस्तू म्हणजे टेक सिंग या बुडालेल्या चिनी जहाजातला निळा-पांढरा वाडगा. तळाला लिलावाचं गोल स्टिकर, सोबत प्रमाणपत्र, किंमत सव्वाशे युरो. मी श्टुटगार्टमध्ये राहतो आणि इथे एवढ्या पैशांत घरात बरंच वाणसामान येतं. कपाटात ठेवून बघत बसायला एवढे पैसे मी घातले नसते. रोज जेवायला घेतला आणि हिवाळ्यापासून रोज वापरतोय.

ज्यांना जहाज ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. १८२२ च्या सुरुवातीला टेक सिंग हे चिनी जहाज फूजियानमधल्या आमॉय बंदरातून, म्हणजे आजच्या शियामेनमधून, बटाव्याला, म्हणजे आजच्या जकार्ताला, निघालं. फेब्रुवारीत इंडोनेशियातल्या गास्पारच्या सामुद्रधुनीत ते खडकावर आपटून बुडालं. जहाजावर मुख्यतः जावाकडे पोट भरायला निघालेली माणसं होती. दीड हजारांहून अधिक गेली. जेम्स पर्ल या इंग्रज कप्तानाच्या ‘इंडियाना’ जहाजाने जवळपास १९० जणांना वाचवलं. बुडालेली जहाजं शोधणाऱ्या मायकल हॅचरने १९९९ मध्ये अवशेष शोधले आणि नोव्हेंबर २००० मध्ये इथे श्टुटगार्टलाच नागेल या लिलाव कंपनीने सुमारे साडेतीन लाख नग विकले. एवढा माल एकदम बाजारात आला म्हणून तर दोनशे वर्षांचं भांडं माझ्यासारख्याला परवडतं. असा माल व्यापारासाठी उपसला की जहाजात काय कुठे रचलं होतं याची नोंद नीट राहत नाही, हा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप मला पटतो. तरीही घेतला, कारण निदान कोणत्या बुडालेल्या जहाजाचा हे तरी पक्कं माहीत होतं.

आता कडं. वाडग्याच्या आत, तळाशी, बोटभर रुंदीचं एक वर्तुळ आहे जिथे झिलईच नाही. नुसती भाजलेली माती, हाताला खरखरीत. विक्रेत्याच्या एकाही फोटोत ते दिसत नव्हतं. सगळे फोटो बाहेरून, शेवंतीसारख्या निळ्या फुलांचे. पहिल्याच आठवड्यात आमटी वाढली आणि कडं पिवळं झालं. साबण, खायचा सोडा, लिंबू, कशालाही दाद नाही. बाकी वाडगा लख्ख आणि मधोमध हळदीचं रिंगण. रोज जेवताना नजर तिथेच.

त्यात पायाच्या कडेवर पांढरी पूड दिसू लागली. समुद्रात पावणेदोनशे वर्षं पडलेल्या मातीत मीठ मुरलेलं असतं. ते पाण्यात नीट काढलं नाही, तर वाळताना स्फटिक होऊन बाहेर येतं आणि झिलईचे पापुद्रे सोलवटू शकतं. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की हे ‘नैसर्गिक’ आहे. नैसर्गिक तर आहेच, पण विकण्याआधी ते काढायचं असतं. शेवटी इस्त्रीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं, स्टिकर आधी सोडवून प्रमाणपत्रावर चिकटवलं आणि वाडगा बुडवून ठेवला. रोज पाणी बदलायचं आणि त्यात किती क्षार उतरले ते टीडीएस मीटरने मोजायचं. आकडा खाली येऊन स्थिरावला तेव्हा थांबलो. पूड पुन्हा आलेली नाही.

हळदीचा प्रश्न मात्र उन्हाने सोडवला. मे महिन्यात वाडगा खिडकीत राहिला आणि काही दिवसांत पिवळेपणा उडाला. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. फोडणीच्या तेलाची सावली राहिली आहे, ती राहणारच. क्लोरीनचं ब्लीच कुणी वापरू नये, त्यातून मातीत नवे क्षार जातात.

कड्याबद्दलचं मत बदललं ते ड्रेस्डेनला जाऊन आल्यावर. तिथे झ्विंगर या जुन्या राजवाड्यात सॅक्सनीच्या ऑगस्टसचा चिनी संग्रह आहे. या राजाने १७१७ मध्ये प्रशियाला ६०० घोडेस्वार शिपाई दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. माणसं देऊन फुलदाण्या! भांडी अप्रतिम आहेत, पण तिथे उभं राहून मला माझ्या वाडग्याचं कडं आठवत होतं.

१३०० अंशांच्या आसपास झिलई वितळून काच होते. झिलईला झिलई टेकली की दोन भांडी कायमची चिकटतात. म्हणून उंची भांडं भट्टीत स्वतंत्र मातीच्या डब्यात ठेवतात, आणि ते डबे भट्टीतली जागा खातात. टेक सिंगवरचा बराचसा माल फूजियानमधल्याच देहुआचा, सामान्य गिऱ्हाइकासाठी केलेला. तिथल्या कारागिराने आतली झिलई कड्यापुरती पुसली, त्या कोरड्या जागेवर पुढच्या वाडग्याचा कोरडा पाया टेकवला, त्यावर आणखी एक, आणि भट्टीतल्या तेवढ्याच जागेत, तेवढंच लाकूड जाळून कितीतरी जास्त वाडगे भाजले. नक्षीसुद्धा तिथे पुष्कळदा ठशाने उमटवत. राजाला शिपाई द्यावे लागले. जावातल्या मजुराला अस्सल पोर्सेलिनमध्ये भात खाता आला तो या पुसलेल्या झिलईमुळे. काटकसरीचं इतकं हुशार काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि माझ्या मते हेच या वाडग्याचं सर्वांत देखणं अंग आहे. तेव्हापासून मी त्यात दहीभात आणि मेतकूट-भात खातो. आमटी स्टीलच्या वाटीत.

घेणाऱ्यांसाठी थोडं. निळी नक्षी झिलईच्या खाली असते, म्हणून जेवणाला चालते. झिलईच्या वर गुलाबी-हिरवे रंग असलेली जुनी भांडी जेवणाला घेऊ नका, त्या रंगांत शिसं असतं. टिचकी मारून बघा: नाद भद्द आला तर बारीक तडा आहे, त्यात उकळतं काही ओतू नका. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर, दोन्ही नको. मीठ काढलंय का आणि कसं, हे लेखी विचारा. आतला फोटो मागा, तोही पैसे भरण्याआधी.

विक्रेत्याला आज पुन्हा लिहिलंय. वाडगा परत नकोच आहे मला. त्याच्या पानावर उरलेल्या वाडग्यांचे आतले फोटो लाव आणि कडं कशासाठी असतं ते खाली चार ओळींत लिही, एवढंच मागितलंय. चार ओळी मीच लिहून पाठवल्या आहेत.